पांढऱ्या कडेचा माउस पॅड

सिद्धेशने स्वतःसाठी काहीतरी मागितलं, याचंच निधीला आधी बरं वाटलं.

"मला एक माउस पॅड घ्यायचाय. लाइटवाला," शनिवारी दुपारी जेवताना तो म्हणाला.

"लाइटवाला म्हणजे? उत्तराच्या चपलांसारखा?"

"तसंच समज. गेम खेळणारी मुलं घेतात ना, कडेने लाइट असतो त्याला. तू पण चल. रंग तू बघ."

उत्तरा, त्यांची लेक, यंदाच पहिलीत गेली होती. पप्पांना आपल्या चपलांसारखं काहीतरी मिळणार म्हणून ती खूश झाली. सिद्धेशची आई सुगंधा वाढत होती. सिद्धेशच्या डाव्या बाजूला असलेला पाण्याचा पेला उचलून तिने त्याच्या ताटासमोर ठेवला.

चारकोपच्या सेक्टरमधल्या त्या घरात गेले काही महिने कुणी मोकळेपणाने बोलत नव्हतं. सिद्धेश लग्नांचे व्हिडिओ एडिट करायचा. आतल्या खोलीत टेबल, मोठा मॉनिटर आणि खिडकीला जाड पडदा, अशी त्याची जागा होती. पूर्वी तिथे गाणी वाजायची, तो नवरानवरीच्या नकला करून निधीला हसवायचा. आता नुसतं क्लिक क्लिक ऐकू यायचं आणि मध्येच काहीतरी खाली पडल्याचा आवाज. केलेलं काम दुरुस्तीसाठी परत येऊ लागलं होतं. चेतना नावाच्या एका बाईची लग्नाच्या फिल्म बनवायची कंपनी होती, तिचंच बरंचसं काम तो करायचा. तिचे फोन हल्ली स्पीकरवर नसायचे. तरी एकदा फोनमधून तिचा चढलेला आवाज निधीला दारापर्यंत ऐकू आला होता. नवरीचा शालू चॉकलेटी कसा काय दिसतोय, असं ती विचारत होती. सिद्धेश म्हणाला होता, मॉनिटर जुना झालाय.

"काय झालंय तुला?" निधीने कितीदा विचारलं.

"काही नाही गं. कामाचं टेन्शन."

निधी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. तिथे बसल्या बसल्या तिच्या मनात नाही नाही ते यायचं. दुसरी कोणी बाई, दारू, काहीतरी मोठं लफडं. पण एक गोष्ट त्यात बसत नव्हती. सिद्धेश हल्ली बाहेर पडला की तिचा हात धरायचा. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर. बाजारात, हळदीकुंकवाला जाताना, इमारतीच्या जिन्यात. शेजारची शकु एकदा म्हणालीसुद्धा, "तुमचं बरंय बाबा, अजून हनिमूनच चाललाय." निधी लाजली होती. काही बिघडलं असतं तर त्याने असा हात धरला असता का, असं ती स्वतःला समजवायची.

संध्याकाळी निघताना त्याने स्कूटर काढली नाही. बोरिवलीला पार्किंगची वाट लागलेली असते, रिक्षाने जाऊ, म्हणाला.

दुकान एका जुन्या आर्केडच्या बेसमेंटमध्ये होतं. जिना उतरताना सिद्धेशने तिचा दंड धरला आणि प्रत्येक पायरीवर क्षणभर थांबत तो खाली आला. आत मुद्दामच अंधार ठेवला होता. भिंतीवर कीबोर्ड, माउस, हेडफोन चमकत होते, निळे, जांभळे, हिरवे. कॉलेजातली मुलं गर्दी करून उभी होती. सिद्धेश एका मुलाला धडकला, मग एका स्टुलाला.

"सॉरी, सॉरी," तो म्हणाला. त्याच्या तळव्याला घाम आलेला तिला जाणवला.

काउंटरवर सुबोध नावाचा तरुण होता. दुकान त्याचंच होतं. त्याने उत्साहाने एक लांबच लांब पॅड उलगडला, टेबलभर पसरेल असा. कडेने बारीक रेघ पेटली आणि रंग धावू लागले.

"हा सगळ्यात जास्त जातो, दादा. कीबोर्ड आणि माउस दोन्ही यावर बसतात. मोड बघा. हा पळणारा. हा श्वास घेतल्यासारखा, कमी होतो, वाढतो. गाण्यावर नाचणारा पण आहे."

"एकाच रंगावर थांबतो का?" सिद्धेशने विचारलं.

"थांबतो ना. कुठला पाहिजे?"

"पांढरा. फुल ब्राइट. आणि तसाच राहिला पाहिजे, कॉम्प्युटर बंद करून चालू केला तरी."

सुबोध हसला. "लोक इथे रंगांसाठी येतात, दादा. पांढरा तर ट्यूबलाइटपण देते."

"कड जाड असलेला आहे का? आणि हाताला लागेल अशी? म्हणजे पॅड कुठे संपतो ते कळलं पाहिजे."

निधीला हसू आलं. "पॅड कुठे संपतो ते दिसतंच की रे."

सिद्धेश काउंटरवर दोन्ही हात पसरून पॅडच्या कडा चाचपत होता. कापड चाचपतात तसं नाही. चष्मा हरवलेला माणूस उशीखाली चाचपतो तसं.

सुबोधने आणखी दोन पॅड आणले आणि तिन्ही शेजारी शेजारी मांडले. डावीकडचा त्याने जोडला, तो पांढरा पेटला. उजवीकडचाही पेटला. मधल्याची वायर पुरेना, म्हणून तो खाली वाकून दुसरी शोधू लागला.

"मधला बरा वाटतोय," सिद्धेश म्हणाला. "याचा लाइट चांगला आहे. ना, निधी?"

मधला पॅड काळाच होता.

सुबोधने वर पाहिलं, हातात वायर घेऊन. निधीला वाटलं, सिद्धेश गंमत करतोय. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो गंमत करत नव्हता. डोळे बारीक करून, मान किंचित हलवत तो काउंटरवर काहीतरी शोधत होता, आणि ते सापडल्यासारखं दाखवत होता.

ती आवाज न करता हळूच त्याच्याजवळून बाजूला सरकली. फार लांब नाही, शेजारच्या शोकेसपर्यंत. हात लांब केला असता तर त्याला ती सापडली असती.

"निधी, हाच घेऊ या का?" सिद्धेशने विचारलं.

ती मघाशी होती त्या जागेला विचारलं. तिथे कोणी नव्हतं. तिचं उत्तर येईना तेव्हा त्याने त्या रिकाम्या जागेकडे बघून थोडं हसूनही दाखवलं. "बोल ना. रागावलीस काय?"

सुबोधने वायर खाली ठेवली. तो एकदा सिद्धेशकडे बघत होता, एकदा निधीकडे. सिद्धेशचा हात पुढे आला आणि हवेत तिला शोधू लागला, तेव्हा तिने तो धरला.

"चल बाहेर," ती म्हणाली.

जिन्याच्या वरच्या पायरीवर, बंद असलेल्या झेरॉक्सच्या दुकानासमोर ते बसले. समोरून माणसं पिशव्या घेऊन जात होती.

"मी कुठे उभी होते, सिद्धेश?"

तो पायरीची कड बोटांनी चाचपत राहिला.

"किती दिसतं तुला?"

"समोरचं दिसतं. तुझा चेहरा दिसतो आत्ता. नाक, डोळे." त्याने बोटांची गोल खूण केली. "बांगडीतून बघतो ना आपण, तेवढं. बांगडीच्या बाहेर काही नाही. आणि अंधार असला की बांगडीतलंही जातं."

"कधीपासून?"

"रात्रीचं लहानपणापासूनच कमी होतं. बाकीचं हळूहळू गेलं. उत्तरा बालवाडीत गेली तेव्हा डॉक्टरांना दाखवलं मी. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे म्हणाले. औषध नाही, ऑपरेशन नाही. आता रंग पण जायला लागलेत. पिवळा आणि पांढरा मला सारखाच दिसतो."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"कसं सांगू? एडिटर आहे मी, निधी. आंधळा एडिटर. कोण काम देणार?"

तिला ते ऐकू आलंच नाही. तिच्या डोळ्यांपुढे सकाळचा रस्ता आला होता. सेक्टरच्या नाक्यावर बेस्टची बस वळते, दूधवाले उलट्या बाजूने घुसतात, आणि पुढे उभी राहून, हँडलला धरून, वेण्या उडवत शाळेत निघालेली उत्तरा.

"तू उत्तराला स्कूटरवरून नेतोस," ती म्हणाली.

"सकाळी उजेड असतो."

"तू तिला स्कूटरवरून नेतोस, सिद्धेश."

"मी हळू चालवतो. रस्ता पाठ आहे मला. आणि गेल्या सोमवारनंतर नेलंच नाही. पाय दुखतो सांगितलं ना मी, तू सोडलंस."

"सोमवारी काय झालं?"

"एक बाई. डावीकडून आली. मला दिसलीच नाही. हँडलला तिची पिशवी लागली. पडली नाही ती, शिव्या दिल्या फक्त. उत्तरा हसत होती. तिला वाटलं, पप्पांनी गंमत केली."

निधी उठली. तिला त्याला मारावंसं वाटलं. भर रस्त्यात, सगळ्यांसमोर. ती चार पावलं चालून गेली, रिक्षाला हात केला, आणि रिक्षा थांबल्यावर रिक्षावाल्याला नको सांगून परत आली. तो पायरीवर तसाच बसला होता. ती गेली की आहे, हे त्याला कळलं नव्हतं. मान वळवून वळवून तो येणाऱ्या जाणाऱ्यांचे चेहरे बघत होता, एकेक करून, त्या बांगडीतून.

"इथेच आहे मी," ती म्हणाली. "स्कूटरची चावी दे."

त्याने खिशातून चावी काढून दिली. "स्कूटर वीक. काहीही कर. पण तो पॅड घे, निधी. प्लीज. माउस सापडत नाही मला. टेबल काळं, माउस काळा. हात फिरवत बसतो. परवा कॉफी कीबोर्डवर गेली. ही एक फिल्म आहे हातात, बुधवारी द्यायची आहे. चेतना म्हणाली, ही बिघडली तर पुढे बोलायचं कारण नाही. पांढरी कड असली तर बांगडी कुठे न्यायची ते कळेल मला. एवढंच. बाकी काही नाही मागत."

सिद्धेशला असं गयावया करताना तिने कधी पाहिलं नव्हतं. आणि हे सगळं कशासाठी, तर पोरांच्या खेळण्यासारख्या एका वस्तूसाठी. तिचा राग कमी झाला नाही. पण ती वळली आणि जिना उतरून एकटीच खाली गेली.

सुबोधने पॅड तसेच ठेवले होते. "दादांना बरं नाही का?" त्याने विचारलं.

"त्यांना दिसत नाही," निधी म्हणाली. ते शब्द पहिल्यांदाच तिच्या तोंडून बाहेर पडत होते. "समोरचं एवढंसंच दिसतं."

सुबोधने तिन्ही पॅड पांढऱ्यावर लावले आणि तो बाजूला झाला.

निधीने एक डोळा मिटला. उजव्या हाताची मूठ पोकळ करून दुसऱ्या डोळ्याला लावली आणि तिच्यातून काउंटरकडे पाहिलं. आधी काहीच सापडेना. अंधार, मग कोणाचा तरी शर्ट, मग काउंटरची कड. ती मूठ इकडेतिकडे फिरवत राहिली. बारीक रेघेचा पॅड मध्येच दिसायचा आणि निसटायचा. आपण नक्की कुठे बघतोय तेच कळेना, तिचा तोल गेल्यासारखा झाला आणि तिने काउंटर धरला. नवरा असा जिना उतरला होता. असं जेवत होता. असा हसत होता लोकांकडे बघून.

कॉलेजची मुलं तिच्याकडे बघून कुजबुजत होती. तिने मूठ काढली नाही.

"हा मोठा नको," ती म्हणाली. "याच्यात एक टोक सापडलं की दुसरं हरवतं. लहान दाखवा. जाड कडेचा."

सुबोधने आतून एक धुळकट खोका आणला. पॅड जेमतेम वहीएवढा होता, टणक, प्लॅस्टिकच्या उंच कडेचा, आणि त्या कडेतून बोटभर रुंद उजेड येत होता. "जुनं मॉडेल आहे, ताई. कोणी घेत नाही. जाडजूड दिसतो म्हणतात."

निधीने पुन्हा मुठीतून पाहिलं. चौकट अख्खीच्या अख्खी मुठीत मावत होती. तिने डोळा हलवला, चौकट गेली. परत आणला, लगेच मिळाली. तिने पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मग मूठ खाली घेतली आणि तळव्याने डोळे पुसले.

"याला शोभेल असा पांढरा माउसपण द्या," ती म्हणाली.

घरी आल्यावर सिद्धेश सरळ आतल्या खोलीत गेला. निधी बाहेर खुर्चीत बसली. उत्तरा शेजारी शकुकडे खेळत होती. सुगंधाने खोक्याकडे पाहिलं, मग आतल्या खोलीच्या उघड्या दाराकडे. आत टेबलावर पांढरी चौकट उजळली होती आणि सिद्धेशचा हात एकदाही न चुकता तिच्यात गेला होता.

"तुका सांगल्यान काय त्याने?" सुगंधाने हळू आवाजात विचारलं.

निधीला आधी कळलंच नाही. मग कळलं. दुपारचा पाण्याचा पेला तिला आठवला. या घरात उंबऱ्यापाशी कधी चप्पल पडलेली नसायची, खुर्च्या कधी जागा सोडायच्या नाहीत, हेही आठवलं.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"माझो भाव दशरथ. तेकापण असाच झाला. पोर असताना रातचा दिसत नव्हता, मग दिवसाचापण दिसेना. मरेपर्यंत पडवीत बसान रवलो. सिद्धेश शाळेत होतो तेव्हा लाइट गेले की भिंती धरी. तेव्हाच माका समाजला."

"आणि लग्नाच्या वेळी गप्प राहिलात."

"कोणी पोरगी दिली असती?" सुगंधाने डोळे वर केले नाहीत. "माका वाटला, मुंबैक औषध असतला. देवाक गाऱ्हाणा घातलंय. रोज घातलंय, गो."

निधीला खूप काही बोलायचं होतं. एक शब्द बाहेर पडला असता तर बाकीचे थांबले नसते. ती उठून ओट्यापाशी गेली आणि नळ सोडून नुसती उभी राहिली. हे रक्तातून येतं, एवढंच तिला समजलं होतं. मामा, भाचा. त्यापुढे कोण?

"सोमवारी उत्तराचे डोळे दाखवायला जायचंय," ती वळून म्हणाली. "तुम्ही पण यायचं, आई. तुमच्या भावाचं सगळं डॉक्टरांना सांगायचं. काही लपवायचं नाही."

"येतंय," सुगंधा म्हणाली आणि तिने पदर तोंडावर घेतला.

आत सिद्धेशने हे सगळं ऐकलं होतं. निधी दारात आली तेव्हा त्याच्या हातात फोन होता.

"चेतनाला फोन करतोय. तू थांब इथे," तो म्हणाला आणि या वेळी त्याने फोन स्पीकरवर टाकला.

त्याने सरळ सांगितलं. डोळे, रंग, शालू, सगळं.

"आधी सांगायचं ना रे," चेतना म्हणाली. तिचा आवाज चिडलेला नव्हता, दमलेला होता. "मी क्लायंटच्या शिव्या खात होते. बघ, कटिंग तू पूर्ण कर. रंग मी दुसऱ्याकडून करून घेते. पुढच्या सीझनचं मी आत्ता काही प्रॉमिस करत नाही, सिद्धेश. खोटं कशाला बोलू?"

"ठीक आहे," तो म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याने दोन्ही हात मांड्यांवर ठेवले आणि तो तसाच बसून राहिला. पुढच्या सीझनला काय, त्याच्या पुढे काय, हे दोघांनाही विचारायचं होतं.

"तू माफ नाही करणार ना मला? उत्तराच्या बाबतीत?"

"आत्ता नाही," निधी म्हणाली. "कधी करेन तेपण माहीत नाही."

त्याने मान डोलावली. मग तो मॉनिटरकडे वळला. पडद्यावर एक लग्न चाललं होतं. नवरीच्या मागे पाहुण्यांची रांग, अक्षता, धावपळ. सिद्धेश नाक काचेला लागेल इतका जवळ जाऊन तुकडे तोडत होता, जोडत होता. माउस सोडला की त्याचा हात पुन्हा त्या चौकटीत जायचा. हात बरोबर जायचा, पण पडद्यावर काय कुठे आहे हे शोधताना तो सारखा अडत होता.

"मामा कुठे आहे?" त्याने विचारलं. "अंतरपाट धरणारा. मला रांगेत सापडत नाहीये."

निधीने स्टूल ओढलं. ती रागावलेलीच होती.

"उजवीकडून दुसरा," ती म्हणाली. "निळा फेटा. आणखी उजवीकडे जा. आणखी. हां, तिथे."